भाच्याचा फोटो आणि बोटभर क्लाउन लोच

रविवारी दुपारी भाच्यानं व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. दुकानातल्या टाकीत क्लाउन लोच जातीचे बोटभर लांबीचे चार मासे, आणि खाली एक ओळ: "मामा, घेऊ काय? आपल्या दोन फुटी टँकमध्ये आरामात बसतील म्हणालाय दुकानदार."

हातातलं जेवण टाकून फोन लावला. "पैसे दिलेस व्हय?" नव्हते दिले. वाचलो.

बसतील की. आज नक्की बसतील. पण ही चूक मी स्वतः करून बसलोय, म्हणून त्याला जे अर्धा तास फोनवर सांगितलं तेच इथं लिहितोय.

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या टँकमध्ये गोगलगायींचा सुळसुळाट झाला होता. काचेवर, खडीत, फिल्टरच्या स्पंजात, जिकडं बघावं तिकडं. दुकानदार म्हणाला, चार लोच सोडा, महिन्यात साफ. तो खोटं बोलला नव्हता, खरंच नुसते शंख उरले. वर त्या माशांनी घरच्यांना वेड लावलं. नारंगी अंगावर तीन काळे पट्टे, खाताना टक्‌टक्‌ आवाज. पहिल्याच आठवड्यात आईला एक आडवा पडलेला दिसला. "मेला की रं ह्यो!" म्हणत ती जाळी आणायला गेली, तोवर महाराज उठून पळाले. क्लाउन लोच असेच कुशीवर पडून झोपतात, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

दुकानदारानं एकच गोष्ट सांगितली नाही आणि मी विचारली नाही: हा मासा वाढतो किती? सुमात्रा-बोर्निओच्या नद्यांतला हा मासा पाऊण फूट सहज होतो, फूटभरही होतो, आणि नीट सांभाळला तर वीस वर्षं जगतो. दोन वर्षांत माझे चारही वीतभर झाले. पळायला निघायचे आणि दोन हिसक्यांत काच यायची. पैलवानाला स्वयंपाकघरात जोर मारायला लावल्यासारखं ते दिसायचं. पुढं थंडीत त्यांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला. लोचच्या अंगावर खवले अगदी बारीक, त्यामुळं औषध फार जपून द्यावं लागतं. मी बाटलीवरचा पूर्ण डोस ओतला. दोन गेले. उरलेले दोन एका मित्राच्या सहा फुटी टँकमध्ये सोडून आलो.

आता हिशोब. टँकची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजायची, गुणाकार करायचा आणि त्याला २८ नं गुणायचं, की लिटर आले. आपला नेहमीचा दोन बाय एक बाय एक म्हणजे ५६ लिटर. मित्राच्या टँकसारखा सहा बाय दोन बाय दोन म्हणजे पावणेसातशे लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन पावणेसातशे किलो. पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर तो ठेवला असता, तर मासे खालच्या मजल्यावर पोहत असते.

पण माझं मत विचाराल तर लोचसाठी लिटर मोजणं अर्धवटच. हा तळावरचा मासा. तळ किती लांब ते बघा. उंच, अरुंद शोपीस टँक कितीही लिटरचा असू दे, लोचला तो चाळीतला बोळच. दुसरं, हे एकट्यानं राहणारे मासे नव्हेत. पाच-सहा असले की तळभर त्यांचा फुटबॉल चालतो. एकटा ठेवला तर दगडामागं रुसून बसतो, नाहीतर दुसऱ्या माशांच्या शेपट्या कुरतडतो. "एकच घेतो, जागा कमी लागेल" ही काटकसर इथं चालत नाही.

म्हणून चपळ लोच हवाच असेल, तर चार फुटी टँक असणाऱ्यांनी योयो लोच बघावा. अल्मोड्यावरून शास्त्रीय नाव पडलेला आपल्या उत्तरेतला मासा, अंगावर इंग्रजीत 'योयो' लिहिल्यासारखी नक्षी. चार-सहा इंचांचा होतो, थोडा दांडगट आहे, पण सहाजणांत आपापसातच भांडून मोकळा होतो.

तीन फुटीला खरं तर झेब्रा लोच अगदी शोभतो. तीन-साडेतीन इंच, स्वभावानं गरीब, अंगभर बारीक पट्टे. आणि हा चक्क आपल्या सह्याद्रीतला. १९५६ साली कोल्हापूरच्या माशांवर लिहिताना दोन अभ्यासकांनी त्याच्या एका प्रकाराला 'कोल्हापुरेन्सिस' असं नावच दिलं होतं. पुढं ते वेगळं मानलं गेलं नाही, तो भाग निराळा, पण आपल्या गावाचं नाव एका लोचला लागलं होतं हे वाचून मी दिवसभर उगाच छाती काढून फिरलो होतो. आता हा मासा जगाच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. घरच्या टँकमध्ये त्याची पिल्लं होणं जवळजवळ अशक्यच, म्हणजे दुकानातला बहुतेक नदीतून पकडलेला, त्यामुळं तो दिसला की मला आधी नदी आठवते. मी घेत नाही. हा न्याय प्रत्येक माशाला लावला तर माझा टँक रिकामाच राहील, हे मलाही कळतं. तरी घेत नाही.

दोन फुटी असेल तर कुली लोच, पाच-सहा. खडी काढून बारीक वाळू घाला, त्यात ते शिरून बसतात. आणि हो, कोल्हापुरात धरणावरून थेट पाइपलाइनचं पाणी आलं म्हणून क्लोरीन काढायचं विसरू नका.

भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, "मामा, पण कुली दिवसा दिसतच नाहीत म्हणे. मग टँक ठेवून बघायचं काय?" पोराचा मुद्दा बरोबर होता. मी म्हटलं, मग आधी मोठा टँक घे, मासे नंतर.

संध्याकाळी तायडीचा फोन. "काय भरवलंस रे त्याच्या डोक्यात? टेप घेऊन टीव्हीखालची भिंत मोजत बसलाय. साडेतीन फूट भरली म्हणे."

मी म्हटलं, "तायडे, चार पायजे. शोकेस हलतंय काय बघ की जरा."

फोन ठेवला तिनं.