‘दर रविवारी’ आणि ‘आठवड्यातून एकदा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. साप्ताहिक बॅकअपच्या लेखातली माझी क्रॉनची (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रामची) ओळ तुम्ही दुकानाच्या संगणकावर जशीच्या तशी टाकलीत. हार्ड डिस्क गेली तेव्हा कळलं की बॅकअप एकदाही झालेला नव्हता. अकरा आठवड्यांची बिलं हातची गेली. ‘एका ओळीत काम होतं हे सांगणं दिशाभूल आहे, क्रॉन आता मोडीत काढा,’ असं तुम्ही लिहिलंत.

पहिल्या अर्ध्या वाक्याबद्दल मी मनापासून माफी मागते. त्या वेळी संगणक चालू असायला हवा, हे मी लेखात कुठेच लिहिलं नव्हतं. माझं काम कायम चालू असणाऱ्या सर्व्हरवर, त्यामुळे ते सुचलंच नाही. पण ते लिहायलाच हवं होतं.

ओळ अशी होती: ० २ * * ० (क्रमाने मिनिट, तास, तारीख, महिना, वार; तारा म्हणजे ‘कोणताही’), म्हणजे रविवारी पहाटे दोन. (इथे आकडे मराठीत लिहिलेत, क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या फाईलीत, इंग्रजीच टाकायचे.) तुमच्या दुकानाचा मेन स्विच रात्री साडेनऊला खाली होतो. क्रॉन दर मिनिटाला उठतो, घड्याळ बघतो, जुळणारी ओळ चालवतो आणि पुन्हा झोपतो. हुकलेलं मिनिट तो मागे वळून बघत नाही. १९७९ च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टममध्येही क्रॉन होता. रात्रंदिवस चालणाऱ्या, अनेकांच्या सामायिक यंत्रांसाठी तेवढं पुरत होतं.

दुसऱ्या अर्ध्याशी मात्र मी सहमत नाही. आठवडी बाजार रविवारचा असतो. चुकला की थेट पुढच्या रविवारी. पाण्याची टाकी आठवड्यातून एकदा धुवायची असते; रविवारी जमलं नाही तर सोमवारी धुवायची. क्रॉनला फक्त बाजार कळतो. तुमचा बॅकअप ही टाकी आहे, आणि तिच्यासाठी अनॅक्रॉन हा वेगळा प्रोग्राम आहे.

अनॅक्रॉनटॅबमध्ये, म्हणजे त्याच्या कामांच्या फाईलीत, चार गोष्टी लिहायच्या: किती दिवसांनी, संगणक सुरू झाल्यावर किती मिनिटं थांबून, कामाचं नाव, आणि कमांड. तुमच्यासाठी ७, १०, ‘बिल-बॅकअप’ आणि तुमची स्क्रिप्ट (बॅकअप घेणाऱ्या कमांडची फाईल). मागच्या वेळेला सात दिवस झाले असतील तर दुकान उघडल्यावर दहा मिनिटांनी काम सुरू होईल. मंगळवारी झालं तर पुढची पाळी पुढच्या मंगळवारी. वार सरकतो, तो सरकू द्या. सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) टायमरचं तुम्ही कौतुक केलंत ते रास्तच आहे, पण तिथेही ‘पर्सिस्टंट’ला ‘ट्रू’ केलं नाही तर हुकलेली वेळ हुकलीच.

स्क्रिप्ट साप्ताहिक कामांच्या फोल्डरात टाकूनही चालली नाही, असं तुम्ही म्हणालात. तिच्या नावात शेवटी टिंब-एसएच (.sh) आहे ना? डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांत नावात टिंब असलेली फाईल तिथे मुकाट्याने वगळली जाते. कुठे चूक दिसत नाही, काही नाही. टिंबासकट शेपूट काढून टाका.

‘महिन्याच्या पहिल्या रविवारी’ म्हणून तारखेच्या जागी १-७ आणि वाराच्या जागी ० टाकलंत आणि काम महिन्यात दहा वेळा चाललं, हा तुमचा मुद्दा सगळ्यांनी वाचावा असा आहे. तारीख आणि वार दोन्ही भरले की क्रॉन त्यांच्यात ‘आणि’ धरत नाही, ‘किंवा’ धरतो. पहिले सातही दिवस, शिवाय उरलेले सगळे रविवार. मॅन पेजमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीपानात, हे लिहिलेलं आहे, पण पहिल्यांदा प्रत्येकजण इथे ठेचकाळतो. त्यावर उपाय: तारीख १-७, वाराच्या जागी तारा, आणि कमांडच्या सुरुवातीला ‘डेट’ या कमांडने वार तपासायचा. तिथल्या टक्क्याच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश विसरू नका. क्रॉनटॅबमध्ये नुसता टक्का म्हणजे नवी ओळ.

भाड्याच्या सर्व्हरवर पहाटे दोनचं काम सकाळी साडेसातला होतं, कारण त्याचं घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. आपला रविवार पहाटे दोन म्हणजे तिथला शनिवार रात्री साडेआठ: ३० २० * * ६. वारही बदलतो, हे लक्षात ठेवा.

मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे. उद्या दुकान उघडल्यावर अर्ध्या तासाने व्हार-स्पूल-अनॅक्रॉन (/var/spool/anacron) फोल्डरातली ‘बिल-बॅकअप’ फाईल बघा, त्यात उद्याची तारीख हवी. मात्र अनॅक्रॉन काम संपल्याची तारीख लिहितो, ते साधलं की नाही ते नाही. म्हणून पेनड्राइव्हवरची प्रत उघडून आदल्या दिवशीचं एखादं बिल खरंच दिसतंय का तेही बघा, आणि नाही दिसलं तर इथेच लिहा.