लॉनमधली जलपिंपळी उपटायची घाई करू नका

सोसायटीच्या लॉनमध्ये पाऊस सुरू झाला की माळी खुरपं घेऊन सगळ्यात आधी जिला उपटतो, ती बहुतेक वेळा जलपिंपळी असते. आणि तिच्या जागी काय लावतात? रोज पाणी मागणारं कार्पेट लॉन. साधा हिशोब करा. एका चौरस मीटरला 5 मिलिमीटर पाणी म्हणजे 5 लिटर. 100 चौरस मीटर लॉनला एका वेळी 500 लिटर. एप्रिल-मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीने हे करावं, याला माझ्या मते हौस म्हणत नाहीत.

जलपिंपळी आपल्याकडे ओढ्याकाठी, बांधावर, तळ्याच्या कडेला आपोआप येते. जमिनीलगत पसरते आणि पेरापेराला मुळं धरते. ओळखायची खूण म्हणजे पान. समोरासमोर, देठाकडे निमुळतं, आणि दाते फक्त वरच्या अर्ध्या भागात. पानाच्या बगलेतून लांब दांडी येते, तिच्या टोकाला बोंड. बोंड आधी गोल असतं, मग पिंपळीसारखं लांबट होतं आणि त्याच्याभोवती बारीक पांढरी-गुलाबी फुलं कड्यासारखी उमलतात. पाणथळ जागी उगवणाऱ्या कांचरीशी हिची गल्लत होते, पण कांचरीची पांढरी बोंडं दांडीशिवाय खोडालाच चिकटलेली असतात. तेवढं पाहिलं की चूक होत नाही.

लॉनच्या गवताऐवजी हीच लावायची असेल तर नर्सरीत जायची गरज नाही. जून-जुलैत जवळपासच्या ओल्या जागेतून 10 ते 12 सेंटिमीटरचे तुकडे घ्या, प्रत्येकाला किमान तीन पेरं हवीत. दोन पेरं मातीत आडवी दाबायची, शेंडा वर ठेवायचा. 25 सेंटिमीटर अंतराने लावली तर 100 चौरस फुटांना साधारण 150 तुकडे लागतात. खत फार नको. जमीन अगदीच मुरमाड असेल तर दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत पुरे. मुळं धरेपर्यंत माती ओली राहिली पाहिजे. पावसाने उघडीप दिली तर हाताने पाणी द्या.

लागवड फसते ती बहुतेक लव्हाळ्यामुळे. घाईघाईने जमीन साफ करून लावलं की महिन्याभरात लव्हाळा वर येतो, आणि मग तो वेलींच्या जाळ्यातून निघत नाही. म्हणून आधी जमीन खणा, पाणी द्या, लव्हाळा उगवू द्या आणि गाठींसकट काढा. हे दोनदा करा. एकदा जलपिंपळी दाट झाली की बाकीच्या तणांना ती फारशी जागा ठेवत नाही. तणनाशकाचा मोह मात्र टाळा. टू-फोर-डी गवताला सोडतं आणि रुंद पानांच्या झाडांना मारतं, म्हणजे नेमकी हीच जाईल.

सावलीत ही लावू नका. चार-पाच तास ऊन नसेल तर पेरं लांब होतात, मधे माती दिसते. क्रिकेट खेळायच्या मैदानालाही ती उपयोगाची नाही, तिथे हरळीच बरी. उन्हाळ्यात आठवड्याला एक खोल पाणी मिळालं तर काळ्या जमिनीत ती हिरवी राहते. तेही नसेल तर पानं तांबूस होऊन गळतात, पण पावसात पेरांतून पुन्हा फुटते. तेव्हा मेली समजून खणून काढू नका.

कापणी 5 सेंटिमीटर उंचीवर, पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी. कापलेले तुकडे गोळा करा, नाहीतर फुलझाडांच्या वाफ्यात पडून तिथेच रुजतील. वाफ्याच्या कडेला विटेची किनार असली तरी ती ओलांडते, त्यामुळे कडा महिन्यातून एकदा खुरप्याने तोडाव्याच लागतात.

परदेशी रोपं मागवू नका. तिची दक्षिण अमेरिकन बहीण ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानांत मोठी डोकेदुखी झाली आहे. आपल्या ओढ्याकाठची असताना ती हवीच कशाला?

फुलांवर फुलोरी आणि सातेरी मधमाश्या येतात, मयूर भिरभिरी फुलपाखराच्या अळ्या पानं खातात. कुरतडलेली पानं दिसली म्हणून फवारणी करायची नाही. माश्यांची भीती असेल तर जिथे मुलं अनवाणी खेळतात तेवढाच पट्टा वेळेवर कापून फुलं उडवा. बाकीचा फुलू द्या.