कृपया चपला बाहेर काढाव्यात

रात्री झोप लागत नाही, गुडघे कुरकुरतात, पित्त उसळतं, साहेबाचा फोन आला की छातीत धडधडतं. या सगळ्याचं खापर तुम्ही आजवर लोकलवर, हप्त्यांवर आणि वरच्या मजल्यावर गेली दोन वर्षं चाललेल्या ड्रिलिंगवर फोडत होतात. चुकलात. दोष तुमच्या पायातल्या रबरी चपलेचा आहे. ती आधी काढा.

हे माझ्या पदरचं नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज पहाटे पावणेसहाला गुलाबाच्या फुलासकट जो मेसेज पडतो, त्यात लिहिलंय. जमिनीत इलेक्ट्रॉनचा अफाट साठा आहे. अनवाणी पाय टेकवला की ते तळव्यातून वर चढतात, अंगातली सूज उतरवतात, रक्त पातळ करतात, शांत झोप आणतात. तळपायाची आग मस्तकात जाते हे आपल्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. तळपायाचा गारवाही त्याच वाटेने जातो, एवढं कळायचं राहिलं होतं. याला म्हणतात अर्थिंग.

याचे आद्यपुरुष क्लिंटन ओबर. अमेरिकेत केबल टीव्हीच्या धंद्यात आयुष्य काढलेले गृहस्थ. केबलला अर्थिंग दिलं की पडद्यावरच्या मुंग्या जातात, मग माणसाला का देऊ नये, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी गादीवर धातूची पट्टी चिकटवली, तिची वायर खिडकीतून बाहेर काढून अंगणात रोवलेल्या सळईला जोडली आणि वर आडवे झाले. झकास झोप लागली. आपल्या केबलवाल्यालाही हे सुचायला हरकत नव्हती. पण तो बिचारा या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर फेकण्यात आणि वाटेतल्या नारळाला तिची गाठ मारण्यात गुंतलेला. त्याची वायर जमिनीपर्यंत कधी पोचलीच नाही.

पुढे यावर शोधनिबंधही निघाले. काहींत माणसं मोजकी, आणि ती तपासणाऱ्यांपैकी काहींचे हितसंबंध अर्थिंगच्या चादरी विकणाऱ्या कंपनीशी जोडलेले. पण तुम्ही असल्या बारीक अक्षरांत डोकं घालू नका. चादर घ्या. तिच्यात धातूचे धागे विणलेले असतात आणि तिची पिन भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात खोचायची असते. चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी ही सोय आहे.

आमची इमारत जुनी. खोचण्याआधी खात्री करावी म्हणून वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावून पाहिला, सॉकेट उघडलं आणि आतून एक मेलेली पाल काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "काका, हे भोक शोभेचं आहे. मागे वायरच नाही. अख्ख्या बिल्डिंगला अर्थिंग नाही." मी त्याला इलेक्ट्रॉनचं समजावून सांगितलं. तो लाकडी स्टुलावर, पायात जाड रबरी चप्पल घालून उभा होता. त्याने आधी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीकडे, आणि म्हणाला, "आम्ही पंचवीस वर्षं चप्पल कशासाठी घालतो? अर्थिंग होऊ नये म्हणूनच ना?" अशा अडाणी माणसांमुळेच देश मागे आहे.

तेव्हा चादरीचा नाद सोडा आणि थेट जमीन गाठा. सर्वांत उत्तम म्हणजे दवाने भिजलेलं गवत. मुंबईत ते आहे. त्याच्याभोवती लोखंडी कुंपण आहे आणि कुंपणावर पाटी आहे, 'हिरवळीवर चालू नये'. हिरवळीच्या कडेने पेव्हर ब्लॉकचा रस्ता असतो, त्यावरून चाला. दर तिसरा ब्लॉक डुगडुगतो. पावसाळ्यात तो दाबला की खालून पिचकारी उडते, ती गुडघ्यापर्यंत इलेक्ट्रॉन पोचवते.

डांबर मात्र टाळा. डांबरातून इलेक्ट्रॉन येत नाहीत, ओल्या काँक्रीटमधून येतात, असं या पंथाचं म्हणणं आहे. आता कळलं? पालिकेने दोन हजार किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचा ध्यास का घेतला, सगळे रस्ते एकदम का खणले? आपण उगाच कंत्राट, टक्केवारी असलं काहीबाही बोलत होतो. माणसं आपल्या झोपेची काळजी करत होती.

समुद्रकिनारा तर आपल्या हक्काचा. जुहूला भल्या सकाळी जा. पावसाळ्यात तिथे लाटांबरोबर डांबरगोळे येऊन पडतात. डांबर टाळायचं असं मघाशी म्हटलं खरं, पण ते तळव्याला चिकटलेलं असलं की टाळता येत नाही. खोबरेल तेल लावून अर्धा तास घासा, आपोआप पायांचा मसाज होतो. याच मोसमात निळ्या फुग्यासारखे, ब्लू बॉटल नावाचे समुद्री जीवही वाळूत येऊन पडतात. त्यांच्या दोऱ्यांचा स्पर्श झाला की जो करंट बसतो, तो कुठल्याही चादरीतून मिळणार नाही. गिरगाव चौपाटीवर २०१३ च्या विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या अनेक भक्तांना पाकट माशांनी दंश केले. तेव्हापासून विसर्जनाच्या आधी गमबूट घाला, उघड्या पायांनी पाण्यात उतरू नका, असं सरकारी आवाहन निघतं. पायाखालची वाळू सरकते ती अशी.

आता मुख्य मुद्दा. तळव्यातून जमिनीतलं काही शरीरात शिरतं का? शंकेखोर लोक नाही म्हणतात. मी सांगतो, शिरतं. अंकुशकृमीची अळी शिरते. ती तळव्याच्या कातडीतून आत जाते, रक्तातून फुप्फुसात पोचते, तिथून घशात चढते, आपण गिळली की आतड्यात उतरते आणि भिंतीला चिकटून रक्त पीत बसते. रक्त पातळ होतं हा मेसेजमधला दावा खरा ठरण्याची ही एक खात्रीशीर वाट. दुसरा पाहुणा लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू. उंदराच्या मुतातून तो तुंबलेल्या पाण्यात येतो आणि पायावरच्या जखमेतून, चिखल्यांतून आत शिरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. चपला वाहून गेल्या आणि हजारो माणसं कमरेइतक्या पाण्यातून घरी चालत आली. मुंबईचं हे सर्वांत मोठं सामुदायिक अर्थिंग. त्यानंतर लेप्टोने दवाखाने भरले. हल्ली पाणी तुंबलं की पालिका सांगते, साचलेल्या पाण्यातून चाललात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या घ्या. पायाला जखम असेल तर धोका वाढतो, डोसही. एवढी सोय असताना घाबरायचं कशाला?

मधुमेह असेल तर तुम्ही नशीबवान. पाय बधिर झाले की काच घुसली तरी कळतच नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेली दहा कोटींहून अधिक माणसं आहेत. दुखत नाही म्हणजे गुण येतोय, असं समजून चालत राहायचं. अंगठा काळा पडला की सर्जन पुढचं बघतात.

खरं बोलायचं तर स्वच्छ, मऊ मैदान असेल आणि पाय धडधाकट असतील, तर अनवाणी चालण्याने पावलातले लहान स्नायू बळकट होतात. पण इतक्या साध्या गोष्टीचा मेसेज कोण पुढे पाठवणार? त्यापेक्षा अबेबे बिकिलाचा फोटो बरा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो अनवाणी मॅरेथॉन धावला आणि जिंकला. आमच्या ग्रुपवर हा फोटो महिन्यातून दोनदा येतो. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला, पुन्हा जिंकला, आणि रोमपेक्षा तीन मिनिटं कमी घेतली. तो फोटो अजून आलेला नाही.

मी स्वतः नऊ दिवस केलं. मुंबईत अनवाणी माणूस दिसला की लोकांना दोनच शक्यता सुचतात. वॉचमन पहिल्या दिवशी म्हणाला, "नवस का, साहेब?" दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाला हळूच म्हणाला, "देवळाबाहेरून गेली ना? आजकाल कुठेच भरवसा नाही." सोमवारी रात्री उपनगरांतून सिद्धिविनायकाला चालत निघालेल्या पोरांनी तर मला आपल्यातच घेतलं. त्यांना फायदे विचारले. एक जण म्हणाला, "फायद्याचं बाप्पा बघेल, तुम्ही कडेने चाला, बस येतेय." दहाव्या दिवशी, दिवाळी होऊन आठवडा झाला होता, उद्यानात एका विझलेल्या फुलबाजीची गंजकी तार चवड्यात घुसली, चांगली दीड इंच. डॉक्टरांनी ती चिमट्याने ओढून काढली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन भरता भरता विचारलं, "चप्पल कुठेय?" मी ओबरसाहेबांचं नाव घेतलं. त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं नाही.

घरी पडल्या पडल्या मला मार्च २०१८ आठवला. नाशिकहून शेतकरी चालत मुंबईत आले होते, सुमारे १८० किलोमीटर. दहावीच्या पोरांची परीक्षा होती म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतच चालून आझाद मैदान गाठलं. कित्येकांच्या तळव्यांची सालं निघाली होती. एवढा इलेक्ट्रॉन एकदम कुणाच्याच वाट्याला आला नसेल. आणि मुंबईकरांनी काय करावं? पाणी, बिस्किटं आणि चपला घेऊन धावले. आमच्या ग्रुपवरचा मेसेज तेव्हा सुरू झाला नव्हता, नाहीतर हा अविचार टळला असता.

आमच्या मावशी दिव्याहून येतात. चार घरची फरशी पुसतात, चपला चारही दारांबाहेर. सकाळी सात ते दुपारी दोन अनवाणी, ओल्या फरशीवर. या हिशेबाने त्यांना कुंभकर्णासारखी झोप लागायला हवी आणि टाचा गुलाबाच्या पाकळीसारख्या असायला हव्यात. टाचांत नाणं मावेल एवढ्या भेगा आहेत. माझ्या पायाचं बँडेज बघून त्यांनी विचारलं, "दादा, किती नंबर लागतो तुम्हाला?" मी आठ म्हटलं. मी नवस बोललोय की माझी चप्पल चोरीला गेलीय, यातलं नेमकं काय त्यांच्या डोक्यात होतं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला जोड काढून माझ्यापुढे ठेवला. निळे पट्टे, जाड रबराचा तळ. "स्टेशनबाहेर मिळाल्या. घालून बघा." मग स्वतःच्या चपला दाराबाहेर काढल्या आणि फरशी पुसायला आत आल्या.