आई-बाप कुठल्या रंगाचे, ते आधी विचारा

सकाळी चहा घेताना ग्रुपवर एक जाहिरात बघितली आणि डोकंच फिरलं. ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याचं पांढरंशुभ्र पिल्लू, निळे डोळे, खाली लिहिलंय 'रेअर व्हाइट'. आणि कमेंटमध्ये आपलीच माणसं, 'प्राइस प्लीज', 'डीएम केलंय'.

आम्हीपण असंच घेतलं होतं, 45 हजार मोजून. आजीनं नाव ठेवलं कापूस. पहिल्या दिवाळीत शेजारचा ब्रुनो पलंगाखाली शिरून थरथरत होता आणि आमचा कापूस अंगणात ताणून झोपलेला, दहा फुटांवर सुतळी बॉम्ब फुटला तरी कान हलला नाही. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, वाघ आहे वाघ! मी व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला. दोन दिवसांनी व्हेटनी त्याच्या पाठीमागे स्टीलचं भांडं आपटलं आणि मग आमच्याकडे बघितलं, तेव्हा कळलं.

हार्लेक्विन डेन माहितीये ना, पांढऱ्यावर फाटक्या कापडासारखे काळे तुकडे? त्या रंगाच्या खाली मर्ल जीन, म्हणजे रंग मधूनमधून फिका करणारा जीन, असतोच, त्यावर अजून एक जीन आला की हार्लेक्विन दिसतो. मर्लची एकच कॉपी असेल तर कुत्रं बहुतेक वेळा ठणठणीत. पण दोन हार्लेक्विन किंवा हार्लेक्विन आणि मर्ल अशी जोडी लावली की दर पिल्लामागे चारात एक शक्यता, दोन्हीकडून मर्ल येणार. तेच डबल मर्ल, त्यात रंगपेशी फार कमी राहतात. रंगपेशी काय नुसत्या केसांना लागतात का, कानाच्या आतपण लागतात, तिथे त्या नसल्या की ऐकण्याच्या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरून जातात. काहींचे डोळे बारीक राहतात, काही आंधळीच जन्मतात. आणि लोक त्या निळ्या डोळ्यांचे जास्तीचे पैसे देतात!

मान्य, प्रत्येक पांढरं कुत्रं बहिरं नसतं, डबल मर्लमधल्याही बऱ्याच जणांना ऐकू येतं. म्हणून काय मुद्दाम जुगार खेळायचा? जीनमधला हा बदल 2006 लाच सापडलाय, टेस्ट आहे, गालाच्या आतून स्वॅब घ्यायचा बस. इंग्लंडच्या केनेल क्लबनं 2013 पासून मर्ल-मर्लच्या जोडीची पिल्लं रजिस्टर करणंच बंद केलं. हार्लेक्विनला काळा किंवा मँटल (काळं अंग, पांढरा गळा-छाती) जोडीदार द्या, आणि दुसरा कुठला फिकट रंगाचा देणार असाल तर त्याचीही टेस्ट करा, फिकट रंगात मर्ल लपून बसतो. एवढंच तर करायचंय!

आमच्या ब्रीडरला फोन केला तर म्हणाला, बदलून देतो. बदलून! मी विचारलं, परत आलेल्या पिल्लाचं तुम्ही काय करता? गप्प बसला. आपल्याकडे 2017 चे नियम आहेत, ब्रीडरनं रजिस्ट्रेशन करायचं, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. आम्हाला त्यानं पाचव्या आठवड्यातच हातात दिलं होतं आणि आम्हीही घेतलं, ते बोचतं मला अजून.

कापूस आता चार वर्षांचा आहे. त्याला उठवायचं तर जमिनीवर दोनदा पाय आपटायचा, रात्री अंगणातून आत बोलवायचं तर टॉर्च उघडझाप करायची. मागून कोणी हात लावलेला त्याला चालत नाही, दचकतो बिचारा. आजीलाही आता कमी ऐकू येतं, पण ती दुपारभर त्याच्याशी बोलत बसते आणि तो तिच्या तोंडाकडे बघत बसतो.

दिवाळीचा तो व्हिडिओ मी डिलीट केलेला नाही. त्यात माझा हसण्याचा आवाज आहे.

त्या जाहिरातवाल्याला मेसेज केलाय, आई-बापाचे फोटो पाठवा म्हणून. ब्लू टिक सकाळीच आली. उत्तर आलं तर इथेच टाकते, तोपर्यंत कोणी ॲडव्हान्स देऊ नका प्लीज.