पॅशन प्ले, पण मध्यंतरापर्यंतच

दहा वर्षांतून एकदा होणारे नाटक मध्यंतरातच सोडायला लावून प्रेक्षकांना बसमध्ये कोंबण्याची कल्पना ज्या सुपीक डोक्यातून निघाली, त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

२०२२ च्या आमच्या युरोप सहलीच्या जाहिरातीत ओबरआमरगाऊच्या पॅशन प्लेचे, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांवरच्या नाटकाचे, नाव सर्वांत ठळक छापले होते आणि त्याच नावावर आमच्याकडून जादा पैसे उकळले गेले. १६३३ मध्ये प्लेगच्या साथीत बोललेला नवस जर्मनीच्या बव्हेरियातले हे गाव १६३४ पासून हे नाटक करून फेडत आले आहे. करोनामुळे २०२० चे प्रयोग दोन वर्षे लांबले, पण गावाने ते केलेच. तिथे जन्मलेल्या किंवा वीस वर्षे राहिलेल्या माणसालाच रंगमंचावर स्थान मिळते, आणि त्यासाठी गावातले पुरुष वर्षभराहून अधिक काळ केस-दाढी वाढवतात. एवढी निष्ठा तिकडे, आणि इकडे आमचे आयोजक घड्याळ दाखवत उभे!

नाटक सुमारे पाच तासांचे. दुपारी पूर्वार्ध, मग जेवणासाठी तीन तासांची सुट्टी आणि रात्री उत्तरार्ध. हे वेळापत्रक कधीचेच जाहीर झालेले असताना आमचा मुक्काम मात्र थेट ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला, कारण गावातल्या खोल्या महाग. गाढवावर बसलेला येशू जेरुसलेममध्ये शिरतो तेव्हा लहान मुलांसह शेकडो माणसांनी तो अवाढव्य मंच क्षणात भरून जातो. संवाद जर्मन असले तरी हातातल्या पुस्तिकेत बोट ठेवून मी ओळ न् ओळ वाचत होतो. मधूनच बायबलच्या जुन्या करारातला एखादा प्रसंग मूक चित्रासारखा उभा राही आणि त्यातले एकही माणूस पापणी हलवत नसे. नेमक्या अशाच वेळी आमच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी, छायाचित्रणाला बंदी असूनही, मोबाइल उंचावला, हे आणखी एक दुखणे.

मध्यंतरात सर्वांना थेट बसकडे पिटाळण्यात आले. मी जाब विचारला, तर सहल व्यवस्थापक हसून म्हणाले, “काका, पाहण्यासारखं सगळं पाहून झालं, आता फक्त शेवट राहिलाय.” ख्रिस्ताच्या नाटकातला ‘फक्त शेवट’ म्हणजे क्रूस आणि पुनरुत्थान! तेवढ्यासाठीच तर लोक जगभरातून तिथे येतात. लग्नाला बोलावून अक्षता पडण्याआधीच पाहुण्यांना मांडवाबाहेर काढण्याचा हा प्रकार. चालकाच्या विश्रांतीचा कायदा आणि सकाळी नॉइश्वानस्टाइन किल्ल्याची ठरलेली वेळ, अशी दोन कारणे पुढे करण्यात आली. चालकाला विश्रांती मिळायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती हिशेबात धरूनच मुक्काम ठरवायचा असतो, आणि किल्ला पुढच्या वर्षीही तिथेच असणार होता. त्याहून संताप आला तो सुटकेचा श्वास टाकून बसकडे धावणाऱ्या सहप्रवाशांचा.

परतल्यावर लेखी तक्रार केली, तेव्हा ‘गैरसोयीबद्दल दिलगिरी’ कळवून आयोजकांनी वर्षभरात वापरायचे सवलतीचे कुपन पाठवले. पुढचे पॅशन प्ले २०३० मध्ये आहे.