मोठा फ्यूज टाका म्हणे! आर्केड मॉनिटरबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला सहा-सात जणांनी पाठवलाय. जुना आर्केड मॉनिटर (व्हिडिओ गेम पार्लरच्या कॅबिनेटमधला पिक्चर ट्यूबवाला स्क्रीन) बंद पडला तर फ्यूज मोठा टाका, तरी नाही झालं तर सगळे कंडेन्सर बदला, तरी अंधारच असेल तर ईएचटी (ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर) गेली समजा, ट्यूब भंगारात द्या आणि एलसीडी बसवा. वर परत, मॉनिटर अमेरिकन किंवा जपानी असेल तर कुठलाही स्टेपडाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) चालतो, आणि प्लग काढला की बिनधास्त हात घाला. लोक खरंच असं करतायत म्हणून लिहायला बसलो.

आधी फ्यूज. लालबागला मित्राच्या काकांचं पूर्वी व्हिडिओ गेम पार्लर होतं, त्यातलं एक कॅबिनेट अजून त्यांच्या गाळ्यात उभं आहे. पावसाळ्यानंतर चालू केलं तर फट्‌कन फ्यूज गेला. कोणीतरी तिथे तांब्याची तार गुंडाळून परत चालू केलं, आणि बोर्डावरचा ट्रॅक दोन इंच जळून उचकटला, प्लायवूडच्या त्या पेटीत अजून जळका वास येतो. मी गेलो तेव्हा पहिला उडालेला फ्यूज शोधून काढला. काच आतून काळी आणि चंदेरी झालेली, म्हणजे पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. फ्यूजची तार नुसती मधे बारीक तुटलेली असती तर ओव्हरलोड किंवा फ्यूजचं वय म्हटलं असतं. ही एवढी माहिती फ्यूज फुकट देतो आणि आपण तो फेकून मोठा टाकायचा? मोठ्या फ्यूजने शॉर्ट जात नाही, मग रेक्टिफायरचे डायोड जळतात नाहीतर ट्रॅक. फ्यूज तेवढ्याच ॲम्पियरचा हवा, आणि मूळ स्लो-ब्लो (क्षणभराचा जादा करंट सोसणारा) असेल तर स्लो-ब्लोच.

मग करायचं काय, तर सिरीज लॅम्प. आपले जुने टीव्ही मेकॅनिक अजून हेच करतात, सप्लायच्या एका वायरमध्ये ६० किंवा १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब घालायचा (एलईडी नाही, फिलामेंटवालाच). बल्ब चमकून मंद झाला तर शॉर्ट नाही, भगभगत राहिला तर आहे. त्याआधी डीगॉसिंग कॉइलचा (ट्यूबभोवतीची, रंगाचे डाग घालवणारी) प्लग काढून ठेवा, कारण तिला करंट देणारा पॉझिस्टर (गरम झाला की करंट अडवणारा भाग) थंड असताना सुरुवातीला भरपूर करंट ओढतो आणि बल्ब उगाच घाबरवतो. काकांच्या मॉनिटरचा ट्रॅक आधी वायरने जोडून घेतला, कॉइल काढली, बल्ब लावला, तो चमकला आणि मंद झाला, आणि स्क्रीनवर गेम आला! काका उठून उभेच राहिले. पॉझिस्टर सोडवून कानाशी हलवला तर आत खुळखुळ, चकती फुटून तुकडे शॉर्ट झालेले. नवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाला, पाच मिनिटात बसला. ईएचटी, ट्यूब, कंडेन्सर, कशालाच हात लावावा लागला नाही.

आता "सगळे कंडेन्सर बदला". यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. सप्लायमधला छोटा स्टार्टअपचा कंडेन्सर गरम भागाशेजारी असतो आणि सुकतो, मग मॉनिटर चालूच होत नाही किंवा हेअर ड्रायरने गरम केलं की होतो. पण फॉल्ट न शोधता तीस-चाळीस कंडेन्सर काढले आणि एक उलटा बसला की जुना फॉल्ट तसाच आणि वर नवा. आधी भिंगाखाली ड्राय सोल्डर (तडकलेले जोड) बघा, ईएचटीचे पाय, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, कनेक्टरच्या पिना. पिनेभोवती बारीक काळी गोल रेघ दिसली की सोल्डर करा. कंडेन्सर मॉनिटर चालू झाल्यावर आरामात बदला.

"अंधार म्हणजे ईएचटी गेली" हे तर वाचूनच वाईट वाटतं. ट्यूबच्या मागच्या निमुळत्या नळीत केशरी उजेड आहे का बघा. बहुतेक चॅसिसमध्ये (मॉनिटरच्या मुख्य बोर्डात) हा उजेड देणाऱ्या हीटरचा सप्लाय ईएचटीच्याच वाइंडिंगमधून येतो, म्हणजे उजेड आहे तर ती चालतेय, मग अंधार कदाचित गेमबोर्डाकडून आहे, त्याचे ५ आणि १२ व्होल्ट तपासा. उजेड नसेल तर लाइन आउटपुट ट्रान्झिस्टरचा (ईएचटी चालवणारा) कलेक्टर सोडवा, तिकडे जाणाऱ्या बी प्लसवर (सप्लायचं मुख्य डीसी व्होल्टेज) ग्राउंडपर्यंत ६० वॅटचा बल्ब लोड म्हणून लावा. व्होल्टेज बरोबर आलं तर सप्लाय बहुतेक ठीक, फॉल्ट पुढे. नाही आलं तर सप्लायमध्येच शोधा. ट्रान्झिस्टर मीटरवर बघताना एक लक्षात ठेवा, ज्यात डॅम्पर डायोड आतच असतो त्यात बेस-एमिटरमध्ये कमी ओहम दाखवतात, तो शॉर्ट नाही. चांगले ट्रान्झिस्टर यापायी फेकलेले मी बघितलेत.

एलसीडीबद्दल थोडक्यात: बरेच जुने गन गेम ट्यूबवर बीम कधी दिसतो त्यावर चालतात, एलसीडीवर गन आंधळी होते. आणि बाजारात नवी ट्यूब आता मिळत नाही, भंगारात गेली ती गेलीच.

स्टेपडाउनचं मात्र नीट वाचा. जपानी मॉनिटर १०० व्होल्टचे, अमेरिकन १२० चे, आपल्याकडे २३०. बाजारातले बरेच स्वस्त स्टेपडाउन ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, व्होल्टेज कमी करतात पण मेन्सपासून वेगळं करत नाहीत. जुन्या कित्येक मॉनिटरची चॅसिस हॉट असते, म्हणजे थेट मेन्सला जोडलेली, तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच लागतो, नाहीतर गेमबोर्डही जातो आणि हात लावणारा माणूसही. प्लग काढून इनपुट आणि आउटपुटमध्ये मीटर लावा, कंटिन्युइटी दाखवली तर तो ऑटो आहे, वापरू नका.

आणि प्लग काढून हात घालायचं म्हणाल तर, ट्यूबवर २० हजार व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो, आणि सप्लाय सुरूच झाला नसेल तर २३० वर चालणाऱ्या सेटच्या फिल्टर कंडेन्सरवर ३२५ व्होल्टपर्यंत. कंडेन्सर बल्बच्या वायरी लावून रिकामा करा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नको. ट्यूबसाठी वायर आधी बाहेरच्या काळ्या थरावरच्या जाळीच्या पट्टीला अडकवा, बोर्डाच्या ग्राउंडला नाही, मग दुसरं टोक इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने रबरी कॅपखाली घाला, दुसरा हात पाठीमागे. दहा-पंधरा मिनिटांनी परत एकदा तेच करा, ट्यूबमध्ये चार्ज आपोआप पुन्हा चढतो.