गोठा कुणाचा होता?

महिला दिन जवळ आला की हा मजकूर हमखास फिरू लागतो : 'नॉर्वे-स्वीडनच्या बायकांना समानता मुळातच होती. तिथे शेती पुरुष करायचे, बाई शेकोटीपाशी विणत बसायची. म्हणून तिला कधी भांडावं लागलं नाही.' यातलं एकही वाक्य खरं नाही.

'शेती पुरुष करायचे.' मग गोठा कुणाचा होता? धार काढणं हे तिकडे बाईचंच काम. पुरुषाला त्यात कमीपणा वाटे. उन्हाळ्यात बायका आणि तरण्या मुली गुरं घेऊन डोंगरावरच्या वस्तीवर जात. नॉर्वेत तिला 'सेटर' म्हणतात. पहाटे धारा, मग लोणी, चीज, आणि उरलेली निवळी तासन्‌तास आटवून केलेलं तपकिरी चीज. १८६३ साली नॉर्वेतल्या गुडब्रान्सडाल खोऱ्यात आने होव्ह या शेतकरणीने त्या निवळीत साय घातली आणि ते चीज चांगल्या भावाने विकलं जाऊ लागलं. किनाऱ्यावरचे पुरुष हिवाळ्यात उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासेमारीला जात, तेव्हा मागचं सगळं शेत एकट्या बाईवर असे.

विणकाम ती करायचीच, पण गुरांमागे चालता चालता.

'समानता मुळातच होती.' या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. स्वीडनच्या मोठ्या जमीनदारांकडे 'स्टाटारे' असत, आपल्याकडच्या सालगड्यांसारखे. वर्षाचा करार, मजुरीचा बराचसा भाग धान्य-दुधाच्या रूपात. करार नवऱ्याशी व्हायचा, पण मालकाच्या गाईंच्या धारा काढणं बायकोवर बंधनकारक असे, सणवार असो की घरात तान्हं बाळ. या सक्तीला लोक 'पांढरा चाबूक' म्हणत. ही पद्धत संपली १९४५ साली! कायदाही तिच्या बाजूचा नव्हता. स्वीडनच्या खेड्यात १८४५ पर्यंत मुलीला मुलाच्या निम्माच वारसा मिळे, आणि लग्न झालेली बाई १९२० च्या विवाह कायद्यापर्यंत नवऱ्याच्या पालकत्वाखाली होती.

'भांडावं लागलं नाही' म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. सर्व स्त्रियांना मतदान नॉर्वेत १९१३ साली मिळालं. स्वीडिश स्त्रियांनी संसदेसाठी पहिलं मत टाकलं ते १९२१ मध्ये. दोन्हीकडे त्यामागे अनेक वर्षांची चळवळ होती. आणि शेत? नॉर्वेत वडिलोपार्जित शेतावरचा थोरलेपणाचा हक्क मुलीला मुलाच्या बरोबरीने देणारा कायदा १९७४ चा, तोही १९६५ पासून जन्मलेल्यांसाठी. त्याआधी जन्मलेल्या भावंडांत जन्मभर गोठा सांभाळणाऱ्या थोरल्या बहिणीच्या पुढे धाकटा भाऊच उभा होता.